मान शब्दांत नको, वागण्यात हवा

ज्यांच्याकडून काही मिळवायचे आहे, त्यांना आपण मान देतोच. पण जे आपल्याला उलट उत्तर देऊ शकत नाहीत, त्यांच्याशी आपण कसे वागतो, यावरच आपल्या संस्कारांची खरी परीक्षा होते.

घरी पतीचे साहेब जेवायला येणार असले की सकाळपासून धावपळ सुरू होते. कपाटातल्या ठेवणीतल्या कपबशा बाहेर निघतात. मुलांना ‘पाहुण्यांना नमस्कार करा, मध्ये मध्ये बोलू नका’ अशी ताकीद मिळते. साहेब आल्यावर सारे घर उभे राहते. त्याच दिवशी त्याच घरात भांड्यांचा ढीग उपसणाऱ्या बाईंना चहा मिळतो तो कान तुटलेल्या कपात. तो कप धुऊन पुन्हा ठेवायचा कुठे, तर इतर भांड्यांपासून दूर, खिडकीच्या कोपऱ्यात. यात काही वावगे घडले, असे घरातल्या कोणालाही वाटत नाही.

या घरातली माणसे वाईट आहेत का? मुळीच नाही. दिवाळीला ती बाईंना साडी देतात, आजारपणात औषधाला पैसे देतात. पण दया वेगळी आणि मान वेगळा. दया वरून खाली दिली जाते. मान द्यायचा तर समोरच्याला आपल्या बरोबरीला बसवावे लागते, आणि नेमके तेच आपल्याला जड जाते.

साहेबांना मान देण्यात मोठेसे काही नाही. तिथे बढतीची आशा असते, नाराजीची भीती असते. जिथे आशाही नाही आणि भीतीही नाही, तिथे आपण जे वागतो ते आपले खरे वागणे. घरकाम करणाऱ्या बाई, सोसायटीचा रखवालदार, दुकानातली विक्रेती, कचरा नेणारी ताई, कार्यालयातला शिपाई आणि घरातलीच गृहिणी. या साऱ्यांशी आपला रोज संबंध येतो. त्यांना मान मिळतो की नाही, हे आपल्या गोड बोलण्यावरून ठरत नाही. त्यांना बसायला काय मिळते, पाणी कशातून मिळते, नावाने हाक मिळते की नाही, यावरून ते ठरते.

तू, तुम्ही आणि मावशी

मराठीत समोरच्याला संबोधण्यासाठी तू, तुम्ही आणि आपण असे तीन शब्द आहेत. हिंदीत तू, तुम आणि आप आहेत, बंगालीतही अशाच तीन पायऱ्या आहेत. भारतातील बहुतेक भाषांत अशी सोय आहे. पण गंमत अशी की, कोणाला कोणता शब्द वापरायचा हे आपण माणसाच्या वयावरून नव्हे, तर त्याच्या कपड्यांवरून एका क्षणात ठरवून टाकतो. बँकेतल्या पंचविशीच्या तरुणाला आपण ‘अहो, जरा बघता का?’ म्हणतो आणि साठीच्या रिक्षावाल्याला ‘ए, येतोस का?’ असे विचारतो. हे ऐकूनच दहा वर्षांचा मुलगा आजोबांच्या वयाच्या रखवालदाराला ‘ए वॉचमन’ अशी हाक मारायला शिकतो.

‘तू’ हा शब्द काही वाईट नाही. आईला आपण ‘तू’च म्हणतो, देवालाही ‘तू’च म्हणतो. जिथे जिव्हाळा आहे, तिथे ‘तू’ शोभते. प्रश्न एवढाच की, ज्याला आपण ‘अरे’ म्हणतो, त्याने आपल्याला उलट ‘अरे’ म्हटले तर चालेल का? चालत असेल तर ती जवळीक. चालत नसेल, तर ते एकतर्फी अरे-तुरे म्हणजे समोरच्याला त्याची पायरी दाखवणे होय.

अलीकडे घरकाम करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे, ती चांगलीच आहे. परंतु दहा वर्षे घरी येणाऱ्या मावशींचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्या राहतात कुठे, मुले किती, कितवीत शिकतात? आणि या मावशीला आठवड्यातून एक सुटी मिळते का? आजारी पडल्यावर पगार कापला जातो का? नाते मावशीचे आणि हिशेब खाड्यांचा असेल, तर ते ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असेच झाले. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी 2008 साली कायदा झाला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 सालच्या कायद्यानेही घरकामगार स्त्रियांना संरक्षण दिले. म्हणजे कायद्याच्या लेखी आपले घर हे त्यांचे कामाचे ठिकाण आहे. आपल्या मनाच्या लेखी ते तसे आहे का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

पाण्याचा पेला

आता पुन्हा त्या वेगळ्या कपाकडे वळू. ‘आम्ही जातपात मानत नाही, हे फक्त स्वच्छतेसाठी आहे,’ असे समर्थन पुष्कळ घरांत ऐकू येते. हे कारण खरे मानले तरी विसंगती उरतेच. ज्या हातांनी आपली सारी ताटे-वाट्या घासल्या, ज्या हातांनी पोळ्यांची कणीक भिजवली, त्या हातांनी धरलेला कप मात्र वेगळा ठेवायचा, यात स्वच्छता कोणती? साबणाने सारी भांडी स्वच्छ होतात, मग एकच कप तेवढा का होत नाही?

आपल्या देशात पाणी आणि मान यांचे नाते फार जुने आहे. महात्मा फुले यांनी 1868 साली पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळात हे किती धाडसाचे होते, याची आज कल्पनाही करवत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या तळ्याचे पाणी काही अमृत नव्हते. प्रश्न माणूस म्हणून बरोबरीने वागवले जाण्याचा होता. पुढे राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही गावागावांत पाणवठे वेगळेच राहिले, म्हणून सत्तरच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालवावी लागली.

हौद, तळे आणि विहीर यांच्यासाठी एवढे झगडे झाले. शहरातल्या सुशिक्षित घरांत मात्र तोच पाणवठा एका वेगळ्या पेल्याच्या रूपाने शिल्लक राहिला आहे. तो काढून टाकायला सत्याग्रह लागत नाही, कायदा लागत नाही. घरातल्या एका माणसाने मनावर घेतले तरी पुरे.

बसायला एक स्टूल

साडीच्या दुकानात आपण गादीवर किंवा खुर्चीवर बसतो. समोरची विक्रेती एकामागून एक साड्या उलगडून दाखवते. ‘हा रंग नको, तो काठ नको’ करीत आपला तास-दीड तास जातो. ती मात्र सकाळपासून उभीच आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

केरळमधल्या कोझिकोड शहरात शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या एका स्त्रीच्या हे लक्षात आले. तिथल्या दुकानांतून काम करणाऱ्या बायका रोज दहा-दहा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसले तरी बसायची मुभा नव्हती. स्वच्छतागृहाची सोय नसल्यामुळे अनेकजणी दिवसभर पाणी पिणेच टाळत. परिणामी पाय सुजणे, पायांच्या शिरा फुगणे, लघवीचे विकार होणे हे नित्याचेच झाले होते. विजी यांनी या बायकांना एकत्र आणून ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभारली. मल्याळममध्ये ‘पेन’ म्हणजे स्त्री आणि ‘कूट्टू’ म्हणजे सोबत. त्यांची पहिली मागणी होती स्वच्छतागृहाची आणि दुसरी होती बसण्याच्या हक्काची.

बसण्यासाठी कसले आंदोलन, असे म्हणून आधी पुष्कळांनी ती मागणी हसण्यावारी नेली. पण बायका हटल्या नाहीत. अखेर 2018 साली केरळ सरकारने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी बीबीसीने जगभरातल्या ज्या 100 स्त्रियांची निवड केली, त्यांत विजी यांचे नाव होते. पाठोपाठ 2021 साली तमिळनाडूनेही असाच कायदा केला.

कारखान्यांत उभे राहून काम करणाऱ्या कामगारांना बसण्याची सोय असावी, असे 1948 सालच्या कारखाने अधिनियमात लिहिलेलेच होते. पण दुकानातल्या विक्रेत्या स्त्रीपर्यंत ती सोय पोहोचायला 70 वर्षे गेली. एक स्टूल आणायला पैसे किती लागतात? अडचण पैशांची नव्हतीच. ‘गिऱ्हाइकासमोर नोकराने बसायचे नसते’ ही समजूत आडवी येत होती. विक्रेती बसलेली दिसली तर दुकानाची शोभा जाते, असे मालकाला वाटे, कारण आपल्याला, म्हणजे गिऱ्हाइकांना, ते आवडणार नाही अशी त्याची खात्री होती. म्हणून यापुढे दुकानात एखादी विक्रेती बसून साडी दाखवू लागली, तर कपाळाला आठी पाडू नका. ‘ताई, तुम्हीही बसा ना,’ एवढे आपण सहज म्हणू शकतो.

टाळ्या वाजल्या, दारे बंद झाली

शब्दांतला मान आणि वागण्यातला मान यांच्यात किती अंतर असू शकते, हे साऱ्या देशाने 2020 साली पाहिले. करोनाच्या साथीत 22 मार्च 2020 रोजी सायंकाळी 5 वाजता देशभर लोकांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, घरपोच माल आणून देणारी मुले या सर्वांबद्दलची ती कृतज्ञता होती. त्या भावनेत खोटे काही नव्हते.

परंतु त्याच दिवसांत निरनिराळ्या शहरांतून वेगळ्याच बातम्याही येऊ लागल्या. भाड्याने राहणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना घरमालक खोली सोडायला सांगत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली, हल्ले झाले. शेवटी टाळ्या वाजल्यापासून बरोबर एक महिन्याने, 22 एप्रिल 2020 रोजी, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देणारा अध्यादेश केंद्र सरकारला काढावा लागला. त्यासाठी 1897 सालचा साथरोग कायदा बदलावा लागला. ज्यांना वंदन केले, त्यांनाच वाचवण्यासाठी कायदा करण्याची पाळी आली.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे उगीच आली नाही. त्या काळात कित्येक घरांनी कामाच्या बाईंना सुटी दिली, पण पगार दिला नाही. काही घरांनी मात्र न बोलता, टाळ्या न वाजवता, महिनोन्‌महिने पूर्ण पगार पोहोचवला. खरा मान कोणी दिला, हे सांगायला नकोच.

कचरा कोणाचा?

सकाळी दारावरची घंटा वाजते आणि आतून आवाज येतो, ‘कचरेवाली आली!’ जरा विचार करून पाहा. कचरा तिचा नसतो, कचरा आपला असतो. ती तो साफ करणारी असते. मग ‘कचरेवाले’ नेमके कोण?

पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. तिच्यात प्रामुख्याने दलित समाजातल्या स्त्रिया होत्या. त्यापूर्वी पाठीवर पोते घेऊन त्या कचराकुंड्या धुंडाळत. लोक त्यांना चोर समजून हाकलत, कुत्री अंगावर येत. संघटनेमुळे त्यांच्या हाती ओळखपत्र आले आणि महापालिकेने त्यांच्या कामाची दखल घेतली. पुढे त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि कुंडीत उतरणारे हात दारोदार जाऊन रीतसर कचरा गोळा करू लागले. काम कचऱ्याचेच राहिले, पण गळ्यातले ओळखपत्र आणि दारावर उभे राहण्याचा हक्क यांनी त्या कामाला प्रतिष्ठा दिली.

तरी एक दुःख उरलेच होते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर लोक तसेच उघडे कचऱ्यात टाकत आणि ते या स्त्रियांना हातांनी वेगळे करावे लागत. म्हणून त्यांनी एक साधी विनंती केली. असा कचरा कागदात गुंडाळा आणि त्यावर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळेल. घनकचऱ्याच्या 2016 सालच्या नियमांनीही ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची आणि सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावरच टाकली. फुटलेली काच, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई यांचेही तसेच आहे. त्या गुंडाळायला आपले अर्धे मिनिट जाते. न गुंडाळल्यास कोणाच्या तरी बोटांतून रक्त येते.

हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः गाव झाडून काढीत. 1876 ते 1956 या त्यांच्या आयुष्यात त्यांनी शिकवण दिली ती आधी खराट्याने आणि मग शब्दांनी. आपल्याला गाव झाडायचे नाही. आपलाच कचरा नीट बांधून द्यायचा आहे.

घरातली बिनपगारी

बाहेरच्यांबद्दल बोलताना घरातल्या व्यक्तीला विसरून चालणार नाही. ‘तुमची पत्नी काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर आजही सर्रास दिले जाते. जी पहाटे सर्वांत आधी उठते आणि रात्री सर्वांत शेवटी अंथरुणाला पाठ टेकते, ती ‘काही करत नाही’!

ही समजूत केवळ घरापुरती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली एका निकालात दाखवून दिले होते की, 2001 च्या जनगणनेत गृहिणींना बिगरकामगार ठरवून भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या गटात बसवण्यात आले होते. न्यायालयाने त्याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. जानेवारी 2021 मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे, हे पुन्हा ठासून सांगितले. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात सहभागी असलेली स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देते, तर पुरुष 97 मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि रविवारची सुटीही नाही.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याची पद्धत सुरू झाली. हा चांगला बदल आहे. पण कागदावर नाव आले आणि जेवणाच्या ताटावर ‘मीठ कमी आहे’ एवढाच शेरा मिळाला, तर काय उपयोग? पैशांच्या व्यवहारात तिचे मत विचारणे, चारचौघांत तिची चेष्टा न करणे, तिला बरे नसताना तिच्या सांगण्याची वाट न पाहता स्वयंपाकघरात शिरणे, हा मान कोणत्याही सरकारी कागदापेक्षा मोठा आहे.

‘मान दिला की डोक्यावर बसतात’

ही तक्रार घरात ऐकू येते आणि कार्यालयातही. साहेबांना वाटते, आवाज चढवल्याशिवाय कामे होत नाहीत. गृहिणीला वाटते, जास्त गोड बोलले की बाई खाडे करतात. येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मान देणे म्हणजे चुका पोटात घालणे नव्हे. काम नीट व्हावे, वेळेवर व्हावे, अशी अपेक्षा ठेवण्यात काहीच गैर नाही. उलट, तुम्ही हे काम उत्तम करू शकता, असा विश्वास त्या अपेक्षेत असतो.

फरक सांगण्याच्या रीतीत आहे. चूक दाखवायची ती एकांतात आणि कामाबद्दल बोलायचे. ‘हा हिशेब चुकला आहे, पुन्हा तपासा’ हे एक वाक्य. ‘तुम्हाला कधी अक्कल येणार?’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने हिशेब दुरुस्त होतो. दुसऱ्याने माणूस दुखावतो, आणि पुढच्या वेळी तो चूक लपवायला शिकतो. भीतीपोटी उभे राहणारे हात पाठ फिरताच थांबतात. ज्याला आपल्या कामाची किंमत आहे असे वाटते, तो पाठीमागेही तेवढेच काम करतो. म्हणजे मान देण्यात मालकाचे नुकसान नाहीच.

आजपासून एवढे करून पाहा

मोठमोठे संकल्प करण्याची गरज नाही. पुढील लहान लहान गोष्टी कोणत्याही घरात आजपासून सुरू करता येतील.

• आपल्या घरी, इमारतीत आणि कार्यालयात रोज भेटणाऱ्या प्रत्येक कष्टकऱ्याचे नाव विचारून घ्या आणि त्याच नावाने, दादा, ताई किंवा काका जोडून हाक मारा.

• वयाने मोठ्या माणसाला ‘अहो’ म्हणा, मग तो कोणत्याही कामावर असो. मुलांनाही तसेच शिकवा.

• घरातला वेगळा कप, वेगळा पेला आजच काढून टाका.

• उन्हातून सामान घेऊन आलेल्या मुलाला आधी पाणी विचारा, मग उशिराबद्दल बोला. सामान आणणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट असा नियम तुमच्या सोसायटीत असेल, तर सभेत त्याविरुद्ध बोला.

• घरकाम करणाऱ्या बाईंची आठवड्याची सुटी आणि पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. पगारासाठी त्यांना आठवण करून द्यावी लागू नये.

• कचऱ्यातील धारदार आणि सॅनिटरी वस्तू गुंडाळून, खूण करून द्या.

• बाईंना किंवा रखवालदाराला काही बोलायचे असेल, तर मुलांदेखत आवाज चढवू नका.

या यादीतला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मुले आपले ऐकत नाहीत, अशी आपली तक्रार असते. पण मुले आपल्याला पाहत असतात. आई-वडील दुर्बळ माणसाशी कसे बोलतात, हे ती टिपून घेतात. आज त्यांच्या दृष्टीने दुर्बळ म्हणजे रखवालदार किंवा कामाच्या बाई. उद्या आपले हात थरथरू लागतील, कमाई थांबेल, एकच प्रश्न आपण तीनदा विचारू, तेव्हा त्या घरात दुर्बळ कोण असेल?

त्या वेळी मुले आपल्याशी जसे बोलतील, ती भाषा आज आपण दारात, मोरीपाशी आणि जिन्यात बोलतो आहोत. ती सुधारायची असेल, तर त्यासाठी आजच्यासारखा दुसरा दिवस नाही.